अप्पांना जेवताना कुणी पाहिलं?

केशवापूर, हुबळी
१० ऑगस्ट २०२५

चि. दीपश्री हिस,

वहिनीचे आशीर्वाद. नको असतील तर बाजूला काढून ठेव, मजकूर खाली आहे.

तू माझा नंबर ब्लॉक केलास त्याला आता चार वर्षं होतील. टपाल ब्लॉक करायची सोय पोस्टानं अजून काढलेली नाही, म्हणून हे पत्र. तुझा निरोप प्रशांतनं पोचवला. बिचारा तुझा मावसभाऊ म्हणून जन्माला आला आणि फुकट पोस्टमन झाला. निरोप असा की, अप्पा आणखी एकदा जरी दवाखान्यात गेले तरी तू गाडी घेऊन येणार आणि त्यांना पुण्याच्या त्या विसराळू म्हाताऱ्यांच्या केंद्रात नेऊन ठेवणार. वहिनीच्या हातून आता होत नाही, असं तुझं म्हणणं.

होतंय. कसं होतंय ते ऐक.

तुझ्या वडिलांना पाच डॉक्टर आहेत. साखरेचे विद्यानगरला, मेंदूचे धारवाडला, शिवाय किडनीचे, हृदयाचे आणि डोळ्यांचे. प्रत्येकाला आपापला अवयव तेवढा दिसतो. किडनीवाले एक गोळी बंद करतात, हृदयवाले तीच चालू करतात, आणि मधे अप्पा बसलेले असतात, शांतपणे. त्यांच्या मागे फाईल घेऊन मी. गेल्या वर्षी दोघांनी एकच गोळी दोन वेगळ्या नावांनी लिहून दिली होती. ती मी पकडली. डॉक्टर म्हणाले, "मॅडम, तुम्ही मेडिकल लाईनमधल्या का?" म्हटलं, "नाही, एकतीस वर्षं सातवी ते दहावीला गणित शिकवलं. शेजारच्याची पायरी उतरवलेली लगेच ओळखते."

आणि अप्पांचं म्हणशील तर वकिली अजून सुटलेली नाही. ब्याऐंशी वर्षांचे झाले, पोटच्या मुलाला, सुधींद्रला, कधी भाऊ समजतात, कधी पक्षकार. पण डॉक्टरसमोर बसले की कोट अंगात आल्यासारखे ताठ होतात. मेंदूच्या डॉक्टरांनी विचारलं, "आज कुठला महिना?" तर म्हणाले, "हा प्रश्न विषयाला धरून नाही." जेवलात का म्हटलं की, "होट्टी तुंब ऊट आत," पोटभर जेवण झालं, आणि वर ढेकर. सगळे डॉक्टर खूश.

आता पाच तारखेचं. मंगळवार होता. सकाळी साडेआठला मी इन्सुलिन दिलं, मार्चपासून चालू आहे ते. लगेच समोर पोह्यांची वाटी ठेवली. साडेअकराला बघते तर अंगाला दरदरून घाम, हाक मारली तर डोळे उघडत नाहीत. शुगर एकेचाळीस. रिक्षा, दवाखाना, सलाईन, दोन दिवस. पोहे खाल्ले होते. वाटी रिकामी होती, ती मी माझ्या डोळ्यांनी पाहिली आहे. तेव्हा उपाशी ठेवलं वगैरे तुझ्या मनात आलं असेल तर ते काढून टाक.

चूक कुणाची तेही सांगते. दिवसभर अप्पांजवळ बसायला जानेवारीपासून जुन्या हुबळीची श्रीलक्ष्मी येत होती. लक्ष नव्हतं तिचं. त्या दिवशी काहीबाही सांगत होती, त्यात अर्थ नव्हता. दवाखान्यातून आल्यावर मी तिला काढून टाकलं. आता अप्पांचं सगळं मीच बघते, आणि मी बघते तिथं चुका होत नाहीत.

तुझी वहिनी,
सुलभा


केशवापूर, हुबळी
२६ ऑगस्ट २०२५

चि. दीपश्री,

तुझं पत्र मिळालं. चार ओळी, त्यातल्या दोन पत्त्याच्या. तरी अक्षर बघून बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

तुला सगळे कागद हवेत, तारीखवार. केंद्रातल्या डॉक्टरांना दाखवणार म्हणतेस. देईन की. लपवायला माझ्याकडं काही नाही. फक्त जरा सवड होऊ दे, दिवसभर एकटीनं सगळं चाललंय. सुधींद्र बँकेतून येतो सहाला आणि विचारतो, "काही मदत करू का?" हा प्रश्न तो लग्न झाल्यापासून विचारतोय.

अप्पा ठणठणीत आहेत. एकोणीस तारखेला सुधींद्रनं रजा काढून त्यांना धारवाडला मेंदूच्या डॉक्टरांकडं नेलं होतं. जाताना बापलेक हसत होते, येताना पण. संध्याकाळी शुगर एकशे साठ. बघ, श्रीलक्ष्मी गेल्यापासून एकदासुद्धा काही झालेलं नाही. मी म्हणत होते ते खरं निघालं.

पण एक गोष्ट तुला सांगायलाच हवी, कारण तू दवाखाना म्हणजे दुरुस्तीचं दुकान समजतेस. अप्पा दर वेळी दवाखान्यातून परत येतात ते थोडे कमी होऊन. एप्रिलमध्ये तीन दिवस होते. सलाईन उपसून टाकतात म्हणून हात पट्टीनं कॉटला बांधले होते. घरी आले तर न्हाणीघर कुठं आहे ते विसरलेले. जुलैमध्ये परत आले ते धोतर नेसायचं विसरून. सत्तर वर्षं नेसलेलं धोतर! मी निऱ्या घालून दिल्या तर लाजेनं डोळे मिटून घेतले त्यांनी. आता या खेपेला स्वतःची सही गेली. पाटीवर "पद्मनाभ" लिहितात आणि पुढं काय ते सुचत नाही.

म्हणून मला त्यांना दवाखान्यात जाऊ द्यायचं नाही. तुझ्या धमकीला भिऊन नव्हे. आणि म्हणूनच पुण्यालाही पाठवायचं नाही. हे घर त्यांच्या पायांना पाठ आहे. तिथल्या गुळगुळीत फरशीवर त्यांचं उरलंसुरलंही जाईल. तुझं केंद्र चांगलं असेल, पंखे असतील, व्यायाम घेत असतील. पण तिथं त्यांना रोज नव्यानं हरवावं लागेल.

परवा विचारत होते, "दीपू कॉलेजातनं आली काय?" म्हटलं, "यायचीय अजून." खोटं नाही ना ते?

तुझी वहिनी,
सुलभा


केशवापूर, हुबळी
२५ सप्टेंबर २०२५

दीपश्री,

प्रशांतकडून कळलंच असेल. सतरा तारखेला अप्पांना परत न्यावं लागलं. शुगर चौतीस, फिट आली. चार दिवस. आता आपण होऊन कूसही बदलत नाहीत, पण मला "कोण?" म्हणून विचारतात, म्हणजे आवाज आहे.

या पत्रासोबत सगळे कागद पाठवते आहे, तू मागितलेस तसे. वर माझी एक यादी आहे. ती आधी वाचू नकोस, हे वाच.

या वेळी दवाखान्यात एक नवीन डॉक्टरीण होती, नेत्रा नावाची. पोरगीच म्हणायची, धारवाडची, चप्पल फटफटवत चालणारी. म्हाताऱ्यांचीच डॉक्टर, म्हणे असतात आता तसे. तिनं पाचही डॉक्टरांचे कागद कॉटवर पसरले आणि पहिला प्रश्न विचारला, "सकाळी यांना जेवताना कुणी पाहिलं?"

मी म्हटलं, "वाटी रिकामी होती."

"वाटी नव्हे हो. घास. तोंडात जाताना, गिळताना कुणी पाहिलं?"

दीपश्री, पाच डॉक्टर, सहा महिने, इतके कागद. सगळ्यांनी अप्पांना विचारलं, जेवलात का? आणि अप्पांनी सगळ्यांना पटवलं. मी पण त्यांच्याच साक्षीवर विसंबले. ज्याला आपण कुठल्या वर्षात आहोत ते माहीत नाही, त्याची जेवणाची साक्ष आम्ही सगळ्यांनी खरी धरली, कारण तो ती फर्ड्या कानडीत देत होता!

कोणी पाहिलं नव्हतं. मी देवघरात होते.

घरी आल्यावर तुझ्यासाठी यादी करायला बसले. एप्रिलची आठ, जुलैची एकवीस, ऑगस्टची पाच, सप्टेंबरची सतरा. नुसती तारीख लिहिणं माझ्या हाताला पटत नाही, म्हणून वार लिहावेत म्हणून भिंतीवरचं कॅलेंडर काढलं. मंगळवार, सोमवार, मंगळवार, बुधवार. आणि प्रत्येक तारखेच्या खाली बारीक अक्षरात छापलेलं: एकादशी. एकादशी. एकादशी. एकादशी.

एकतीस वर्षं गणित शिकवलेली बाई मी. मधल्या एकादश्यांना त्यांना जी गुंगी यायची, ती मी म्हातारपणावर घातली होती.

तुला आठवतंय, आपल्या घरची एकादशी? आठवत असणारच, त्यावरूनच तर आपलं बिनसलं. आमच्या मिरजेला एकादशी म्हणजे साबुदाण्याची खिचडी, शेंगदाण्याची आमटी आणि रताळ्याचा कीस, रोजच्यापेक्षा दोन घास जास्तच. इथं येऊन बघते तर दिवसभर चूलच पेटत नाही. पाण्याचा थेंब नाही. पहिल्या वर्षी मी चक्कर येऊन पडले, तर आईंनी सासूपण बाजूला ठेवून माझं डोकं मांडीवर घेतलं होतं. हळूहळू शिकले. आणि मग आई गेल्या. त्या पंधरवड्यात एकादशी आली. अप्पा रडून रडून गळून गेले होते, म्हणून मी त्यांच्यासाठी वाटीभर पेज शिजवली. तेराव्या दिवशीच्या पंगतीत तू चारचौघांत म्हणालीस, "आई गेली नाही तोच या घरात एकादशीला चूल पेटली. मिरजेची माणसं!"

त्या दिवशी मी ठरवलं, की तुला दाखवून द्यायचं. चार वर्षं मी या घरात एकादशीला गॅस पेटू दिलेला नाही. पाणी पीत नाही, अकरापर्यंत देवघरातून उठत नाही. तुझ्या आईंपेक्षा कडक केली मी एकादशी. आजारी माणसाला सूट असते म्हणून अप्पांना पोहे ठेवायचे, पण तेही न शिजवता, खोबरं-मीठ लावून. चुलीला हात न लावता.

अप्पांना तिथी कुठून कळते, असं तुला वाटेल. मलाही तेच वाटत होतं. ते उत्तर श्रीलक्ष्मीकडं होतं, आणि तिनं ते मला दिलं होतं. इथंच मी पहिल्या पत्रात तुझ्यापासून लपवलं. पाच ऑगस्टला सकाळी ती देवघराच्या दारात येऊन म्हणाली, "अक्कार, अज्जारु उण्णंगिल्ल अंतार्री. एकादशी अंत." आजोबा जेवत नाही म्हणतात, आज एकादशी म्हणे. मी पोथीवरून मान न उचलता म्हटलं, "त्यांना काय कळतंय तिथी-बिथी! भरव जा." तिनं भरवायला घेतलं तर अप्पांनी तिला बाहेर घालवलं, म्हणाले, साक्षीदारानं कोर्टाबाहेर थांबावं. मग वाटी रिकामी करून परत दिली. हेच ती मला त्या दिवशी सांगत होती. काहीबाही बोलत होती, असं मी तुला लिहिलं. आणि तिलाच काढलं.

पोहे कुठं गेले तेही सापडलं. अप्पांची काळी वकिलीची बॅग आठवते ना? उघडली तर कागदांच्या गठ्ठ्यांमध्ये पोह्यांचे वाळलेले मुटके. नीट, एकाखाली एक. हसावं की रडावं कळेना. दोन्ही केलं.

आणखी एक. तीन सप्टेंबरला पण झालं होतं. तीही एकादशीच. शुगर अठ्ठावन्न, जीभ जड. मी साखरपाणी पाजून निभावलं आणि कुणालाही सांगितलं नाही, सुधींद्रलाही नाही. सांगितलं असतं तर कुणीतरी डोस कमी केला असता. उलट दहा तारखेला साखरेच्या डॉक्टरांनी सरासरी जास्त आली म्हणून तो वाढवला, आणि मी मान डोलावली. मग सतरा तारीख. आणि एकोणीस ऑगस्टला काही झालं नाही ते माझ्यामुळे नव्हे. तीही एकादशी होती. सुधींद्रला खोदून विचारलं तेव्हा कबूल झाला: धारवाडला हॉटेलात दोघांनी इडली-वडा हाणला होता. मला भिऊन सांगितलं नाही. गेली बावीस वर्षं तो एकादशीला बँकेसमोर इडली खातो हे मला ठाऊक आहे, पण त्यानं बापालाही वाचवलं हे ठाऊक नव्हतं.

चारही वेळा मी दवाखान्याच्या बाकावर निर्जळी बसले होते, जीभ टाळ्याला चिकटलेली. आणि मनात म्हणत होते, देवा, नेमकी उपासाच्या दिवशीच परीक्षा बघतोस! देवानं दिलेलं उत्तर मी प्रश्न म्हणून वाचत होते. मला माझी लाज वाटते, दीपश्री. अप्पांची सही माझ्या हट्टापायी गेली.

काल जुन्या हुबळीला गेले. श्रीलक्ष्मीचं घर गल्लीच्या पार आत, दारात शिलाई मशीन. मी उभ्याउभ्याच माफी मागितली. बसले असते तर शब्द फुटला नसता. ती म्हणाली, "राहू द्या अक्का, चहा घ्या." मी विचारलं, त्यांना एकादशी कळते कशी गं? तिला माझ्या अडाणीपणाचं नवल वाटलं. म्हणाली, कुकर वाजला नाही, फोडणीचा वास आला नाही की आजोबा खुर्चीत पाय वर घेऊन बसतात. बाकीच्या दिवशी शिट्टी झाली की आपण होऊन पाटाकडं जातात. त्यांचं डोकं विसरलं, नाक कुठं विसरलंय?

ती सोमवारपासून यायला तयार आहे. एका अटीवर. म्हणाली, "एकादशीला चूल पेटवायची. नाही जमत तर मी नाही येत. माझ्या डोळ्यांसमोर परत ते नको."

मी हो म्हटलं. डॉक्टर नेत्रानं चौदातल्या सहा गोळ्या बंद केल्या आहेत, इन्सुलिन निम्मं केलंय आणि दुसरं आणलंय, ते जेवणानंतर द्यायचं, तेही घास मोजून.

आता यादी वाच. चार तारखांच्या पुढं "चूक कुणाची" असा रकाना मी केलाय. चारही ओळींत एकच नाव आहे. केंद्रातल्या डॉक्टरांना खुशाल दाखव.

सुलभा


केशवापूर, हुबळी
४ ऑक्टोबर २०२५

चि. दीपश्री,

तुझं पत्र दसऱ्याच्या आदल्या दिवशी आलं. कागद मिळाले, बारा तारखेला गाडी घेऊन येते आहेस, अप्पांचे कपडे भरून ठेवावेत. एवढंच. माझ्या चार पानांबद्दल एक अक्षर नाही. तुझ्या जागी मी असते तर मीही तसंच केलं असतं, म्हणून राग आला नाही. थोडा आला.

कपडे भरलेले नाहीत. काल काय झालं ते वाच आणि मग तुला काय करायचं ते कर.

काल शुक्रवार, एकादशी. मठातल्या आचार्यांना मी विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर त्यांनी अप्पांना सूट दिली असती, आणि मला नसती दिली. म्हणून विचारलंच नाही.

सकाळी साडेसातला गॅस पेटवला. कुकर लावला, मिरीचं सार केलं, तुपात जिरं-कढीपत्त्याची फोडणी अशी दिली की समोरच्या घरात शिंका आल्या असतील. तिसरी शिट्टी झाली आणि अप्पा आले. श्रीलक्ष्मीच्या हाताला धरून, पाय ओढत, पण आपण होऊन आले, दवाखान्यातून आल्यानंतर पहिल्यांदाच. पाटावर बसले. ताटाकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"आज काय?"

"द्वादशी, अप्पा. पारणं आहे."

हे मी ठरवून ठेवलं होतं. कालचा उपास झाला, आज सकाळी लवकर जेवायचं. ते समाधानानं मान हलवणार असं मला वाटलं. पण वकील तो वकील.

"पान एकच का?"

"मी नंतर बसते."

"पारण्याला नंतर? काल उपास केलीस न्हवं?"

"केला की."

"निर्जळी?"

"निर्जळी."

"मग आज जेवायली नाहीस का?" भातावरून हात उचलला त्यांनी. "तू जेवत नाहीस म्हणजे आज एकादशी हाय. मला फसवायलीस."

दारात श्रीलक्ष्मी उभी होती. तिनं फडताळातून दुसरं ताट काढून माझ्या हातात दिलं.

मला वाटलं होतं की चूल पेटवली की झालं, माझं तेवढंच जायचं होतं. अप्पांनी पूर्ण फी मागितली. एकतीस वर्षं लग्नाला झाली, त्यात एक एकादशी चुकली नाही, बाळंतपणातसुद्धा नाही. आई गेल्या तेव्हा त्यांच्या माघारी माझ्याकडं काय उरलं होतं, तर हे एकच, की मी त्यांच्यासारखी करते. तुझ्यासमोर ताठ मानेनं उभं राहायला माझ्याकडं दुसरं काही नव्हतं.

मी त्यांच्या समोर बसले, भात वाढून घेतला, सार ओतलं, आणि पहिला घास तोंडात घातला. अप्पा बघत होते, नीट, साक्षीदाराकडं बघतात तसं. गिळला. मग ते जेवायला लागले.

जेवले, दीपश्री. बावीस घास. एकेक मी पाहिला. मधेच थांबून म्हणाले, "तू कुणाची गं?"

"मिरजेची, अप्पा. सुधींद्रची बायको."

"हां, नवी सून." मग आवाज खाली आणून, मला चांगलं सांगावं तसं म्हणाले, "आमच्याकडं एकादशी लई कडक असते बघ. पाण्याचा थेंब चालत नाही. जमंल काय तुला?"

माझ्या तोंडात भात होता.

"जमंल, अप्पा," म्हटलं, आणि आणखी वाढून घेतला.

दुपारी बाराला शुगर एकशे अडतीस. तीनला एकशे बावन्न. संध्याकाळी अप्पा अंगणात खुर्चीवर बसून श्रीलक्ष्मीला कुठल्यातरी खटल्याची हकीकत सांगत होते. एप्रिलनंतर घरात धडपणे पार पडलेला हा पहिलाच उपासाचा दिवस, दवाखान्याच्या दिशेनं आम्ही बघितलंसुद्धा नाही. मी खात्रीनं सांगते, यापुढंही बघणार नाही. माझ्या हातून होतंय.

तेव्हा बारा तारखेला येऊ नकोस. सतराला ये, दिवाळीला धरून, आणि परत जाताना गाडी रिकामी ने. त्या दिवशी एकादशी आहे. मी जेवणार आहे, आणि अप्पांच्या समोर तुझंही पान वाढणार आहे. ते तुला विचारतील आज काय म्हणून. त्यांच्या डोळ्यांत बघून द्वादशी म्हणून सांगायचं, आणि पहिला घास तू घ्यायचा.

तुझी वहिनी,
सुलभा